मजूर ठेकेदाराचे, मग जबाबदारी कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा : जळगाव जिल्ह्यात तिसऱ्या पिढीची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायची मिल आहे. रुई ज्या सूतगिरणीला जाते तिनं यंदा सगळ्या पुरवठादारांना ‘मानवी हक्कांबाबतची जबाबदारी’ या नावाचा साठेक प्रश्नांचा फॉर्म पाठवलाय. विचारणारे म्हणतात, “आमचे मजूर ठेकेदाराचे. किमान वेतन देतो, पगार बँकेत जातो. गावच्या शाळेला आरओ फिल्टर बसवून दिलाय. कोणाला मारत नाही, कोंडून ठेवत नाही. मग यात मानवी हक्क आले कुठून? आणि हा फॉर्म भरायचा कसा?”

भाऊ, फॉर्मचं शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तेवढंच वाचून तुम्ही कारकुनाला हाक माराल आणि सगळ्या रकान्यांत ‘होय’ लिहून मोकळे व्हाल. असे फॉर्म मी स्वतः भरून दिलेत, तपासलेत आणि एकेकाळी डोळे झाकून पासही केलेत. जळगावच्या एमआयडीसीत टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो, पुढे लेबर ऑफिसर झालो, आणि गेली पंधरा वर्षं खरेदीदारांच्या वतीनं जिनिंग, सूतगिरण्या, डाळ मिल, चटईचे कारखाने तपासत फिरतोय. खान्देशातल्या बऱ्याच ओट्यांवर बसून चहा पिऊन झालाय. त्यामुळे पुढचं थोडं कडू लागलं तर राग मानू नका.

फॉर्म तुमच्यापर्यंत कसा आला ते आधी. जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं राष्ट्रसंघाचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. माणसांच्या हक्कांचं रक्षण करणं हे सरकारचं काम, त्या हक्कांना धक्का न लावणं हे धंद्याचं काम, आणि धक्का लागलाच तर त्याची दाद मिळाली पाहिजे, एवढं त्यांचं सार. आपल्या सरकारनं २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं जाहीर केली, त्यातलं पाचवं मानवी हक्कांचं आहे. मग सेबीनं शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून दर वर्षी याचा अहवाल देणं सक्तीचं केलं. २०२३ मध्ये जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. तुम्ही त्या हजारात नाही आणि जर्मनीतही नाही. पण तुमच्या रुईचं सूत, सुताचं कापड आणि कापडाचा शर्ट कुठेतरी जातोच. तिथल्यानं कापडवाल्याला विचारलं, त्यानं सूतगिरणीला, गिरणीनं तुम्हाला. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचावं तसा तो कागद तुमच्या टेबलावर आला.

आता तुम्ही तो ठेकेदाराकडे ढकलणार. तुम्हीच कशाला, सगळेच तसं करतात.

त्याआधी आरओ फिल्टरचं बोलू. फिल्टर दिलात, चांगलं केलंत, पोरं शुद्ध पाणी पितात. पण या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. कंपनी कायद्यातला दोन टक्क्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांवरचा खर्च, झालेल्या नफ्यातून काय दिलं ते पाहतो. मानवी हक्कांचा प्रश्न तो नफा कसा झाला इथून सुरू होतो. रगींच्या तत्त्वांत हे स्पष्टच आहे की एकीकडे केलेलं चांगलं काम दुसरीकडे झालेल्या हक्कभंगाच्या खात्यात वजा होत नाही. सीएसआरचे आपले नियमसुद्धा फक्त स्वतःच्या कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च सीएसआर म्हणून धरत नाहीत, कारण ते दान नव्हेच, ते देणं आहे. अमळनेरच्या माणसाला शेअरहोल्डर म्हणजे कोण हे समजवावं लागत नाही. १९४५ साली तिथल्या तेलाच्या गिरणीतून विप्रो उभी राहिली आणि तिचे शेअर जपून ठेवणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्या खान्देशाला पाठ आहेत. नफ्यात ज्याचा भाग तो भागधारक. पण नफ्यात काहीच भाग नसून धंद्याची झळ ज्याला लागते, त्याला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्दच नाही. मी माझ्यापुरतं त्याला झळधारक म्हणतो. हा फॉर्म त्याच्याबद्दल आहे.

“मारत नाही, कोंडत नाही” हेही मी प्रत्येक ओट्यावर ऐकलंय. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचं प्रकरण आलं होतं. तिथंही कोणी साखळदंड घातले नव्हते. न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हीच घटनेच्या कलम २३ मधली वेठ. भूक आणि गरिबी यांची सक्तीसुद्धा सक्तीच. म्हणजे दाराला कुलूप आहे का, एवढं पाहून भागत नाही.

तुम्ही म्हणाल, किमान वेतन तर बँकेत जातं. इथंच मला एक दुपार सांगायची आहे.

काही हंगामांपूर्वी तापीकाठच्या एका जिनिंगमध्ये तपासणीला गेलो होतो. कागद इतके चोख की मला हेवा वाटला. मस्टर पूर्ण, पगारपत्रक पूर्ण, प्रत्येक मजुराच्या नावे बँक खातं आणि सात तारखेच्या आत पगार जमा. जेवणाच्या सुट्टीत पाणी मागायला म्हणून मुकादमाच्या पालाकडे गेलो. तो बसला होता, मीही टेकलो. त्याला तंबाखू मळायची होती. खुंटीवरची कापडी पिशवी काढून त्यानं चुन्याची डबी शोधायला ती सतरंजीवर उलटी केली. डबी पडली, बिडीचं बंडल पडलं, आणि रबर लावलेली एटीएम कार्डांची एक जाड गड्डी पडली. पत्त्यांच्या कॅटएवढी. प्रत्येक कार्डामागे चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेननं लिहिलेले चार आकडे.

त्यानं ती लपवायचा प्रयत्नही केला नाही. “सायेब, पोळ्याला उचल दिलीये. कार्ड दिलं तर वसूल कुठून करू?” म्हणाला. आणि तोही खोटं बोलत नव्हता. उचलीचे, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ वाटायचे, पैसे त्याला ठेकेदारानं दिले होते, ठेकेदाराला मालकानं. जोडपं अर्ध्या हंगामात पळून गेलं तर बुडीत खातं मुकादमाच्या माथ्यावर. म्हणून तो कार्डं ठेवायचा, दर आठवड्याला घरटी खर्ची द्यायचा आणि बाकीचं वहीत लिहायचा. धडगावकडची एक पावरा आदिवासी बाई ओट्याच्या कडेला भाकरी खात होती. तिला विचारलं, महिन्याला किती मिळतात? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उन्हाळ्यात गारांचा भाव विचारतोय. महिन्याचं काय, म्हणाली, हिशोब होळीला.

हिशोब होळीला! बँकेचं स्टेटमेंट खरं, पगारपत्रक खरं, आणि तरी त्या बाईच्या हातात पाच महिन्यांत खर्चीपलीकडे दमडी नाही. मध्येच तिचं पोर आजारी पडलं तर ती घरी जाऊ शकत नाही, कारण हिशोब दुसऱ्याच्या वहीत आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात उचलीच्या बदल्यात काम सोडायचं स्वातंत्र्य हरवणं याला जे नाव आहे, ते मी तुम्हाला सांगत नाही. तुमच्या वकिलाला विचारा. त्या दुपारनंतर मी मजुराला ‘पगार मिळतो का’ असं विचारणं सोडलं. कार्ड कोणाकडे आहे, एवढंच विचारतो.

तर ‘मजूर ठेकेदाराचे’ या वाक्याचं काय करायचं? कायद्यानं ते वाक्य कधीच पुरतं मानलेलं नाही. ठेकेदारानं मजुरी दिली नाही किंवा कमी दिली तर ती मुख्य मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे १९७० च्या ठेका मजूर कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्येही ही जबाबदारी मुख्य मालकावरच आहे, आणि पाणी, संडास, विश्रांतीची जागा या सोयीसुद्धा त्यानंच द्यायच्या आहेत. संहितेतला ठेका मजुरांचा भाग ५० मजुरांपासून लागू होतो, म्हणून काहीजण “आपण ४५ दाखवू” म्हणतात. दाखवा. इन्स्पेक्टर सुटेल. पण फॉर्म पाठवणारा कायद्याच्या किनारीपर्यंतच विचारतोय असं समजू नका. कायदा काही म्हणो, तुमच्या धंद्यामुळे कोणाला काय झालं, हे तो विचारतोय. रगींच्या तत्त्वांत लहान-मोठा असा भेद जबाबदारीत नाही. ती पार पाडायची व्यवस्था लहानाची लहान असते, एवढंच.

मग सगळ्या जगाचं ओझं जिनिंगवाल्याच्या डोक्यावर का? नाही. इथं एक वाटणी आहे, ती मला फार उपयोगी पडते. १५ फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. यावल तालुक्यात किनगावजवळ मध्यरात्री पपईचा ट्रक उलटला. त्याच ट्रकमधून घरी परतणारे किमान १५ मजूर मेले, बहुतेक रावेर तालुक्यातले. मी त्या घटनेतल्या कोणावर बोट ठेवत नाही. पण आपल्याकडे माल आणि माणूस एकाच ट्रकमधून का येतो, याचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होतो. तोडणीच्या टोळीला जायला-यायला वेगळी गाडी द्यायची तर भाडं कोण देणार? शेतकरी म्हणतो व्यापारी, व्यापारी म्हणतो टोळीचा मुकादम, आणि मुकादमाला क्विंटलमागे जो दर मिळतो त्यात गाडी बसत नाही. प्रत्येकानं आपापला हिशोब बरोबर केलाय, आणि त्या सगळ्या बरोबर हिशोबांच्या बेरजेत माणूस पपईवर बसतो.

तत्त्वांमध्ये या गुंत्याचे तीन धागे सोडवलेत. नुकसान तुम्ही स्वतः केलंत, की त्याला हातभार लावलात, की केलं दुसऱ्यानंच पण ते तुमच्या मालाशी जोडलेलं आहे. तुमच्याच ओट्यावर बोला. रेच्याच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्याला जाळी नाही आणि बाईच्या साडीचा पदर आत ओढला गेला, तर ते तुम्ही केलं. थांबवा, भरपाई द्या, दुसरा शब्द नाही. गिरणीनं शुक्रवारी फोन करून सोमवारपर्यंत जादा दोन ट्रक मागितले, तुम्ही हो म्हणालात, आणि ठेकेदारानं त्याच माणसांकडून सलग दोन पाळ्या काढल्या, तर तुम्ही हातभार लावला. गिरणीनंही लावला, हे विसरू नका. आणि गावोगाव कापूस घेत फिरणाऱ्या खेडा खरेदीवाल्यानं आणलेला कापूस कुठल्या शेतात शाळा बुडवून पोरांनी वेचला, तर ते तुम्ही केलेलं नाही, पण तुमच्या गठाणीत ते आहे. तिथं तुमच्याकडून अपेक्षा इतकीच की तुमचं जेवढं वजन चालतं तेवढं वापरा. कोणाकडून घेता, काय विचारून घेता, कोणाकडून घेणं बंद करता.

आता माझी चूक सांगतो.

एका जिनिंगला मी तीन हंगाम दिवसा गेलो आणि तिन्ही वेळा लिहिलं, ‘बालमजूर आढळले नाहीत.’ तेव्हा खरेदीदारांचा सगळा भर भेसळीवर होता. रुईत केस नको, सुतळी नको, गुटख्याची पुडी नको, पोत्याचा धागा नको. सूत काढताना एक केस आला तरी कापडाला रंग नीट चढत नाही, म्हणून ओट्यावरच्या प्रत्येक बाईला पांढरी टोपी. टोप्या खरेदीदाराच्या पैशातून आलेल्या, चांगल्या कापडाच्या. मी त्या टोप्या मोजायचो. चौथ्या हंगामात जानेवारीत माझी गाडी त्याच रस्त्यावर बंद पडली. रात्रीचे अडीच वाजले असतील. थंडीनं हात वळत नव्हते, म्हणून उजेड दिसला तिकडे चालत गेलो. जिनिंग जोरात चालू. कापसाच्या ढिगावर दोन लहान पोरं एकमेकांना चिकटून झोपलेली. कापूस ऊब धरतो. आणि ढिगाच्या कडेला दहा-अकरा वर्षांची मुलगी पायानं कापूस नळीकडे ढकलत होती. पापण्यांवर तंतू. डोक्यावर तीच पांढरी टोपी, मोठी होत असल्यानं भुवयांवर घसरलेली, आणि ती दर दोन मिनिटांनी मनगटानं वर सारत होती.

तिच्या डोक्यावरचा केस रुईत पडू नये याची व्यवस्था झाली होती. ती तिथं का आहे, हे मात्र माझ्यासकट कोणी विचारलं नव्हतं. नंतर तिच्या आजीशी बोललो, साक्रीकडची, अहिराणी बोलणारी. “आमले कोनी इचारंच नही,” म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

पुढचं त्याहून वाईट. मी मालकाला उठवलं. भला माणूस, घाबरला. सकाळी सात वाजता त्या कुटुंबाला टेम्पोत बसवून रवाना केलं. मी अहवालात लिहिलं, ‘त्रुटी दूर करण्यात आली.’ महिनाभरानं कळलं, ते कुटुंब दुसऱ्या एका जिनिंगवर आहे, जिथं कोणी तपासायला जात नाही, आणि उचल फिटायची राहिली म्हणून दर आणखी खाली आलाय. त्रुटी दूर झाली होती, पाच-सात कोसांवर.

म्हणून तुमच्याकडे मूल सापडलं तर आई-बापाचं काम काढू नका. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ मधल्याला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. हे १९८६ चा कायदा आणि त्याची २०१६ ची दुरुस्ती सांगते. त्यामुळे मूल रेच्यापासून त्याच क्षणी बाजूला, पण आई-बाप कामावर कायम. मूल गेल्यावर घराची कमाई घटते, ती मोठ्याच्या मजुरीत भरून द्या. गावाकडे आजी-आजोबा असतील तर तिथल्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते मुख्याध्यापकांना फोन करून विचारा. पोरं सोबत आलीच असतील तर स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवून जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवता येतं. तुम्ही ज्या शाळेला फिल्टर दिलाय तिथंच बसवा की. मास्तर तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. आणि तान्ह्यांसाठी पाळणाघर. दोन खोल्या, एक सांभाळणारी बाई, दूध, पाणी, पंखा. ढिगावर झोपलेल्या पोरांना त्याच्याइतकं लवकर उचलणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

कुठून सुरुवात करायची हा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण साठ प्रश्न म्हणजे साठ कामं वाटतात. क्रम असा लावा : जे परत भरून येत नाही ते पहिलं. राहिलेली मजुरी उद्या देता येते, हात परत देता येत नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीला रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, किमान १३ जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात चिपलीपाड्याला मेणबत्तीच्या कारखान्यात आग लागून चार बायका गेल्या. तुमच्याकडे तर धंदाच मुळी पेट घेणाऱ्या मालाचा. कापसात दगड आला, रेच्यावर ठिणगी उडाली, ती गठाणीत दबून राहिली आणि चार तासांनी गोदाम पेटलं, हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असेल. तेव्हा आधी रात्रपाळीला दोन्ही दरवाजे खरंच उघडतात का ते पाहा. माल चोरीला जाऊ नये म्हणून बाहेरून कडी लावायची सवय अजून आहे. विमावाल्याला सांगायला लाज वाटेल अशी कडी. मग पट्टे आणि शाफ्टच्या जाळ्या. मग धुरळा. कापसाच्या बारीक तंतूंनी छाती धरते, आणि त्याची खूण अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो. डॉक्टरला वर्षातून एकदा बोलवून फुंकर मारून घ्यायची तपासणी करा, ती महाग नाही. मस्टर, फलक, धोरणाचं पत्रक ही सगळी नंतर.

तक्रारपेटीबद्दल थोडंसंच. मी पाहिलेल्या पेट्यांपैकी बहुतेक मालकाच्या केबिनबाहेर, कॅमेऱ्याच्या खाली, आणि कुलपाला गंज. ज्यांना लिहिता येत नाही अशा माणसांसाठी चिठ्ठीची पेटी ही कल्पनाच कोणा शहाण्याची असेल कोण जाणे. त्याऐवजी एक बाई नेमा, मजुरांची भाषा बोलणारी, मुकादमाच्या नात्यातली नसलेली, आठवड्यातून एकदा पालांवर जाऊन बसणारी. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाबाबत अंतर्गत समिती तशीही लागतेच. तिच्या अध्यक्ष तुमच्या वहिनी असून चालत नाही, हेही लक्षात घ्या. त्या कारखान्यातल्या वरिष्ठ कर्मचारी असायला हव्यात आणि एक सदस्य बाहेरची हवी. दाद मागायची जागाच उरली नाही की माणूस कुठपर्यंत जातो हे धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात दाखवलं. वीजप्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेला म्हातारा विष पिऊन गेला. तिथं कोणी कारखानदार नव्हता, सरकार होतं; पण दरवाजा बंद असणं म्हणजे काय, ते दोन्हीकडे सारखंच.

हे जिनिंगपुरतं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची आग, दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातच्या साखरपट्ट्यात जाणाऱ्या नवापूर-तळोद्याकडच्या जोड्या, साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा जमिनीचे झालेले व्यवहार. प्रत्येकाचं वेगळं प्रकरण होईल. पण उचल आणि मुकादम ही जोडी बहुतेक ठिकाणी भेटते.

खर्चाचं विचारायचं राहिलं तुमच्याकडून, पण मनात असणारच. साधा हिशोब करू. समजा पाळणाघर, वेगळी गाडी, डॉक्टर आणि जादा पाळीची दुप्पट मजुरी मिळून गठाणीमागे २० रुपये वाढले. गठाण १७० किलोची, म्हणजे किलोला १२ पैसे. खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, ४२ रुपये. खंडीचा भाव एका दिवसात याच्या कितीतरी पट वर-खाली होताना तुम्ही पाहता आणि त्या दिवशी जेवणही करता. तरी मी म्हणत नाही की हे तुम्ही एकट्यानं सोसावं. गिरणीला लिहून विचारा : या फॉर्ममधल्या सोयींचा खर्च तुमच्या खरेदीच्या दरात धरलाय का? शुक्रवारी मागणी आणि सोमवारी माल, ही पद्धत बंद कराल का? पैसे ९० दिवसांनी देणार असाल तर मी मजुराला सात तारखेला कुठून देऊ? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तत्त्वांनुसार खरेदीदाराच्या वाट्याचाच आहे. मी ज्यांना तो विचारायला लावला त्यांतल्या काहींना उत्तर आलं नाही, एकाची ऑर्डर कमी झाली, आणि दोघांना माल द्यायला आठवडाभर जादा मिळाला. एवढाच माझा अनुभव आहे, त्याहून मोठं आश्वासन देत नाही.

आता फॉर्म. एका रात्री दोन वाजता, कोणाला न सांगता, मिलमध्ये जा. मग दुसऱ्या दिवशी मुकादमाला दूर कुठंतरी कामाला पाठवून दहा-बारा मजुरांशी बोला, बायकांशी बाईनं. कार्ड कोणाकडे, उचल किती, ती किती फिटली हे तुम्हाला कोणी सांगितलं, शेवटची सुट्टी कधी, उद्या घरी जायचं म्हटलं तर कोणाला विचारावं लागेल. एवढे प्रश्न पुरे. उत्तरं आली की फॉर्मला बसा, आणि जिथं ‘नाही’ आहे तिथं ‘नाही’ लिहा. त्याच्यापुढे काय करणार आणि कुठल्या महिन्यापर्यंत, हे लिहा. साठपैकी साठ ‘होय’ असलेला फॉर्म माझ्या हातात आला की मी सरळ त्या जिनिंगला रात्रीच्या तपासणीच्या यादीत टाकतो. पंधरा ‘नाही’ असलेल्याशी फोनवर बोलतो.

कार्डं परत करणं हे यादीत पहिल्या आठवड्यात धरा, पण नुसती परत करून चालणार नाही; मुकादमाची उचल अडकेल आणि तो पुढच्या वर्षी माणसं दुसरीकडे नेईल. म्हणून उचल तुम्ही द्या, थेट मजुराच्या खात्यात, लेखी, बिनव्याजी, दर महिन्याला ठरावीक आणि थोडाच हप्ता कापून, आणि मध्येच सोडून गेला तर बाकी माफ किंवा पुढच्या वर्षी. माफ हा शब्द ऐकून तुम्ही दचकलात हे मला इथून दिसतंय. दोन-चार जोड्या जातील, धरून चाला. मुकादमाला माणसं आणण्याचं कमिशन वेगळं द्या, मजुरीतून नको.

मुकादम उचल वाटायला पोळ्याच्या सुमारास सातपुड्यात जातो. यंदा त्याच्यासोबत तुम्ही जा. गाडीत एक बाई घ्या, पावरी बोलणारी, आणि मजुरीचा दर, पाळीचे तास, सुट्टीचा वार एका कागदावर लिहून न्या. पाड्यावर तो तिला मोठ्यानं वाचू द्या, मुकादम शेजारी उभा असताना.